आत्या दमलेली नव्हती, मग फोटोत का दिसते? पोर्ट्रेटमधलं रीटचिंग: किती आणि कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सत्तरीतल्या आत्याचं पोर्ट्रेट काढलंत, खिडकीच्या उजेडात, मागे काळा पडदा. त्याच्या दोन प्रती केल्यात. पहिलीला हातच लावला नाही. तिच्यात आत्या दमलेली आणि आहे त्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारी दिसते. दुसरीत त्वचा साफ केलीत. ती घरात सगळ्यांना आवडली, पण तुम्हाला स्वतःला ती बघवत नाही, कारण ती आत्या वाटत नाही. त्यात कोणीतरी सांगितलं की फाइन आर्टमध्ये, म्हणजे कला म्हणून काढलेल्या फोटोत, रीटचिंग (फोटोवर मागाहून फिरवलेला हात) चालत नाही, नैसर्गिक सौंदर्य आहे तसंच ठेवायचं असतं. मग खरी प्रत कुठली, आणि हात कुठे थांबवायचा?

माझ्या मते दोन्ही प्रती चुकल्यात. दुसरीबद्दल तुम्हाला शंका आलेलीच आहे, म्हणून पहिलीपासून सुरुवात करते. आत्या समोर बसलेली असताना दमलेली दिसत नव्हती आणि फोटोत दिसते, म्हणजे मधल्यामध्ये कोणीतरी काहीतरी घातलं. घालणारे तिघे: कॅमेरा, खिडकी आणि तुम्ही जिथे उभे होतात ती जागा. पंचवीस वर्षं चेहरे काढल्यावर मी स्वतःपुरता एक हिशोब ठरवलाय. कॅमेऱ्यानं जे घातलं ते मी बिनदिक्कत काढते. आयुष्यानं जे घातलं त्याला हात लावायचा तर आधी त्या माणसाला विचारते. हा हिशोब सगळीकडे चोख बसत नाही, कुठे फसला तेही पुढे सांगेन.

आधी ‘हात न लावलेला फोटो’ या कल्पनेचा निकाल लावू, कारण नव्या माणसांच्या डोक्यात अपराधीपणा तिथूनच शिरतो. पोर्ट्रेटचा धंदा सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ रीटचिंगही आलं. म्युनिकचे फोटोग्राफर फ्रान्झ हान्फस्टेंगल यांनी 1855 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एकाच पोर्ट्रेटच्या दोन प्रती मांडल्या होत्या, एक रीटच केलेली, एक तशीच. लोक बघतच राहिले. पुढे स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिरक्या डेस्कवर, मागून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करणारा रीटचर हा या धंद्यातला नेहमीचा माणूस झाला.

यात गिऱ्हाइकांची हौस होतीच, पण सगळा दोष हौसेला देता येत नाही. त्या काळी निगेटिव्ह म्हणून वापरल्या जाणाऱ्या, कोलोडियन नावाचं रसायन लावलेल्या काचा निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच संवेदनशील असत. तांबूस, तपकिरी रंग त्यांना जवळजवळ काळा दिसे. समोर बसलेल्या माणसाच्या गालावरचे पुसट वांगाचे ठिपके काचेवर शाई उडाल्यासारखे येत, आणि उन्हानं लालसर झालेलं नाक मळकट दिसे. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आल्या, त्यांना हिरवं दिसू लागलं, तरी लाल रंग दिसत नव्हताच. म्हणजे रीटचर पेन्सिल घेऊन बसायचा तेव्हा बऱ्याचदा तो चेहऱ्याचे दोष काढत नसे, काचेनं केलेला घोळ निस्तरत असे.

पेन्सिलीचं तंत्रही समजून घेण्यासारखं आहे. प्रिंटवर काळा येणारा डाग निगेटिव्हवर पातळ, पारदर्शक ठिपका असतो. त्यात ग्रॅफाइट भरलं की तिथून उजेड कमी जातो आणि प्रिंटवर डाग फिका पडतो. उलट काही गडद करायचं असेल तर इमल्शन, म्हणजे निगेटिव्हवरचा प्रतिमेचा थर, चाकूनं खरवडावं लागे, आणि एकदा चाकू घसरला की निगेटिव्ह गेली. उजळणं सोपं, गडद करणं जोखमीचं. जुन्या स्टुडिओंमधले चेहरे इतके सपाट आणि उजळ का, याचं निम्मं उत्तर मला तरी या पेन्सिलीत दिसतं.

तीच पेन्सिल हॉलिवूडमध्ये गेली तेव्हा तिचं काम बदललं. फोटोग्राफर जॉर्ज हरेल यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जोन क्रॉफर्ड या नटीचा फारसा मेकअप नसलेला चेहरा टिपला. मूळ फोटोत तिच्या चेहऱ्यावर भरपूर वांगाचे ठिपके आहेत. रीटचरनं निगेटिव्हवर तासन्‌तास बसून ते सगळे बुजवले. या दोन्ही प्रती आज शेजारी ठेवून बघता येतात. दुसरी संगमरवरी आहे, सुंदरच आहे. पण पहिलीतल्या बाईशी बोलावंसं वाटतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधल्या फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. डिसेंबर 1863 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी त्यांच्या हातात कॅमेरा आला. काचेवरचे ओघळ, बोटांचे ठसे, हललेली प्रतिमा असं सगळं त्यांनी तसंच ठेवलं आणि त्यावरून समीक्षकांची बोलणी खाल्ली. मग हे ‘नैसर्गिक’ म्हणायचं का? 1867 मध्ये काढलेलं खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचं पोर्ट्रेट बघा. त्यात म्हाताऱ्याची सुरकुती न्‌ सुरकुती आहे, पण डोक्याभोवती उभे राहिलेले ते पांढरे केस कॅमेरॉनबाईंनी त्यांना धुवायला लावून मुद्दाम विस्कटलेले होते. आणि त्यांच्या तरुण मुलींच्या पोर्ट्रेटमध्ये त्वचा धूसरपणात अशी विरघळते की आजचा त्वचा गुळगुळीत करणारा स्लायडरही लाजेल. ही निवड त्यांनी पेन्सिलीऐवजी लेन्सनं केली, एवढाच फरक.

डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये काढलेला स्थलांतरित मजूर आईचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. अस्सलपणाचं उदाहरण म्हणून तो हमखास दाखवतात. त्याच्या खालच्या कोपऱ्यात खांब धरलेला एक अंगठा होता, तो काही वर्षांनी निगेटिव्हवरच बुजवण्यात आला. रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी 1979 ते 1984 या काळात पश्चिम अमेरिकेतली माणसं पांढऱ्या कागदासमोर, सावलीतल्या उजेडात काढली. ते चेहरे इतके उघडे आहेत की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. पण डार्करूममध्ये त्या प्रिंटचा कुठला भाग किती उजळायचा, कुठला किती दाबायचा याच्या बारीकसारीक सूचना असत. तेव्हा हात लागला का, हा प्रश्न सोडून द्या. कुठे लागला, ते बघायचं.

आता तुमच्या पहिल्या प्रतीकडे. कॅमेऱ्यानं त्यात काय काय घातलं असेल?

पहिली गोष्ट, अंतर. चेहऱ्याचा आकार लेन्स बिघडवते असं सगळे म्हणतात, पण बिघडवतं ते अंतर. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणितानं दाखवलं की साधारण 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. 85 किंवा 105 मिलिमीटरची लेन्स चेहऱ्याला चांगली म्हणतात, कारण ती लावली की चेहरा फ्रेममध्ये बसवायला तुम्हाला मागे सरकावंच लागतं. तुम्ही 35 ची लेन्स लावून जवळ गेला असाल तर आत्याचं नाक पुढे आलं असेल आणि कान मागे गेले असतील. मग लिक्विफाय, म्हणजे फोटोतला आकार ओढून-ढकलून बदलणारं साधन, उघडून नाक आत ढकलण्याचा मोह होतो. त्यापेक्षा पुढच्या वेळी दोन पावलं मागे या.

दुसरी गोष्ट, क्षण. चेहरा सतत हलत असतो आणि आपल्याला त्याची सरासरी आठवते. कॅमेरा सेकंदाचा दोनशेवा भाग उचलतो. त्यात पापणी अर्ध्यावर असते, ओठांचा कोपरा दोन शब्दांच्या मधे लोंबकळत असतो. ‘दमलेली दिसते’ या तक्रारीत अर्धा वाटा या पापणीचा असतो. तिला ब्रश चालत नाही, शेजारची फ्रेम चालते. मी एका बैठकीत दीडदोनशे फ्रेम काढते आणि निवडायला बसते ती दुसऱ्या दिवशी. एवढ्यांतून एकच ठेवण्याइतकं जबर रीटचिंग दुसरं कुठलं नसेल, पण त्याबद्दल कोणी बोट उगारत नाही.

तिसरी गोष्ट, आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय हिचाच: खिडकीचा कोन. खिडकी बरोबर बाजूला असली की उजेड त्वचेला घासत जातो. रवाळ भिंतीवर बाजूनं टॉर्च मारल्यावर होतं तेच. प्रत्येक रंध्र आपापली सावली पाडतं आणि प्रत्येक सुरकुतीचा तळ काळा होतो. सुरकुती आत्याची आहे, तिचा काळेपणा खिडकीचा आहे. प्रत्यक्षात आत्या मान हलवते, खोलीतल्या भिंतींवरून उलटून आलेला उजेड असतो, आपण दोन डोळ्यांनी बघतो. त्यामुळे ती सुरकुती इतकी काळी कधी दिसतच नाही. त्यात तुम्ही मागे काळा पडदा लावलात, म्हणजे उलटून येणारा थोडाफार उजेडही त्यानं गिळला. चेहरा खिडकीकडे वीसेक अंश वळवला असता किंवा सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरली असती, तर तुमचं निम्मं काम फोटो काढतानाच झालं असतं. पडदा खिडकीला लावला असता, पातळ पांढरा, तर त्याहून बरं.

चौथी गोष्ट संगणकाच्या पडद्यावर घडते. 45 मेगापिक्सेलची फाइल शंभर टक्क्यांवर उघडली की तुम्ही आत्याच्या गालापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन बघत असता. इतक्या जवळून आत्याला डॉक्टरांशिवाय कोणी पाहिलेलं नाही. तिथे बसून साफसफाई सुरू केली की थांबायची जागाच सापडत नाही, कारण त्या अंतरावर कुठलीच त्वचा स्वच्छ नसते. मी काम शंभर टक्क्यांवर करते, पण निर्णय सगळा चेहरा दिसेल एवढ्या आकारात घेते. मोठ्या आकारात बोचणारी जी गोष्ट लहान आकारात शोधूनही सापडत नाही, तिला सोडून देते.

रंगाचंही थोडं सांगायला हवं, विशेषतः तुम्ही कृष्णधवल करणार असाल तर. फाइलचे लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल, म्हणजे त्या त्या रंगाच्या उजेडानं बनलेली प्रतिमा, वेगवेगळे उघडून बघा. लाल उजेड त्वचेच्या आत शिरतो, तिथे पसरतो आणि मग बाहेर येतो, म्हणून लाल चॅनलमध्ये चेहरा मऊ, जवळजवळ डागविरहित दिसतो. निळा उजेड वरच्या थरातूनच परततो आणि त्वचेतलं रंगद्रव्य त्याला जास्त शोषतं, म्हणून निळ्या चॅनलमध्ये प्रत्येक वांग, प्रत्येक लाली डाग होऊन येते. हा तोच कोलोडियनचा चेहरा, दीडशे वर्षांनी तुमच्या फाइलमध्ये. कृष्णधवल करताना लाल वाढवला तर एकही ब्रश न फिरवता दहा वर्षं कमी होतात, निळा वाढवला तर दहा वाढतात. ओठ मात्र बघा: लाल जास्त झाला की ते फिके पडून चेहऱ्यात मिसळून जातात. मी म्हाताऱ्या माणसांच्या पोर्ट्रेटमध्ये बहुतेकदा लाल आणि हिरव्याच्या मधे कुठेतरी थांबते.

हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते आयुष्यानं दिलेलं. इथे ब्रशची गोष्ट सुरू होते, आणि माझ्या चुकांचीही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेचं पोर्ट्रेट केलं होतं. भुवयांच्या मधे दोन उभ्या खोल रेघा होत्या. त्यांच्यामुळे बाई रागीट दिसतात असं मी परस्पर ठरवलं आणि हीलिंग ब्रशनं, म्हणजे आसपासची त्वचा घेऊन डाग बुजवणाऱ्या साधनानं, दोन्ही रेघा काढून टाकल्या. काम इतकं सफाईदार झालं की माझ्याच हातावर मी खूश होते. प्रिंट बघून बाई म्हणाल्या, “अगं, माझ्या रेघा कुठे गेल्या? चष्मा लागायच्या आधी डोळे बारीक करकरून किती वर्षं वह्या तपासल्या, त्याची कमाई होती ती.” मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी ती प्रिंट नेली नाही.

तीच फाइल मी पुन्हा पहिल्यापासून केली. कशी केली ते सांगते, कारण आत्याच्या फोटोलाही हेच लागेल.

सुरकुती म्हणजे एक दरी आणि तिच्या काठाचा एक उंचवटा. दरी गडद, उंचवटा उजळ. नवशिका फक्त दरी उजळतो. मग उंचवटा तसाच चमकत राहतो आणि तिथली कातडी सुजल्यासारखी दिसते. मी कर्व्ह्‌जचे दोन लेयर, म्हणजे फोटोवर ठेवायचे उजेड-अंधार बदलणारे थर, घेते, एक उजळणारा, एक दाबणारा, दोन्हींचे मास्क काळे, म्हणजे ब्रश फिरवू तिथेच परिणाम दिसतो. ब्रश सुरकुतीच्या रुंदीपेक्षा लहान, फ्लो, म्हणजे ब्रशचा जोर, दोन-तीन टक्के. दरीचा सगळ्यात काळा तळ साधारण एक तृतीयांशानं उचलायचा आणि काठावरची चमक किंचित खाली आणायची. रेघ जागेवर राहते, लांबीही तेवढीच, फक्त तिचा आवाज कमी होतो. एका रेघेला दहा-पंधरा मिनिटं जातात. कंटाळवाणं काम आहे. रेडिओ लावून करते.

डोळ्यांखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकत्रच पुसतात. एक फुगवटा, तो आकार आहे, त्याला मी हात लावत नाही. दुसरी निळसर-जांभळी झाक, ती रंग आहे. तिचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, थोडं उतरवलं आणि जरा पिवळ्याकडे नेलं की माणूस रात्री झोपलेला वाटतो. आकार तसाच राहिल्यामुळे कोणाला काही केल्याचं कळत नाही. डोळ्यांचं पांढरं मात्र पांढरंफेक करायचं नाही. ते कुणाचंच तसं नसतं, सत्तरीत तर नाहीच. एखादी ठळक लाल शीर फिकी करा आणि निघा.

मग हात. आत्याचे हात फ्रेममध्ये आहेत का? चेहरा पन्नाशीचा आणि हात पंचाहत्तरीचे, असे पोर्ट्रेट मी प्रदर्शनांतही पाहिले आहेत. गळ्याचंही तेच. चेहऱ्याला जितका हात लावला तितकाच गळ्याला आणि हातांना लावायची तयारी नसेल, तर चेहऱ्यावरचं काम मागे घ्या.

शेवटी ही सगळी कामं एका ग्रुपमध्ये टाकून फाइल बंद करते. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर ग्रुपची ओपॅसिटी, म्हणजे केलेलं काम किती ठळक दिसावं ते, शंभर टक्क्यांवरून खाली आणत जाते. बहुतेक वेळा साठच्या आसपास थांबते. रात्री दहा वाजता जे ‘अगदी थोडंसं’ वाटतं ते सकाळी भरमसाट दिसतं, हा अनुभव इतक्या वेळा आलाय की आता मी रात्री अंतिम प्रत काढतच नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रतीत काय झालं असेल याचाही अंदाज आहे. तुम्ही फ्रीक्वेन्सी सेपरेशन वापरलं असावं. त्यात त्वचेचा पोत एका लेयरवर आणि रंग-छटा दुसऱ्यावर जातात, आणि खालचा लेयर ब्लर करून डाग एकसारखे करतात. पोत वाचतो, म्हणून लोकांना ही पद्धत सुरक्षित वाटते. मी ती फार क्वचित वापरते. चेहऱ्यावर रंगाचे पट्टे असतात: कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, हनुवटी आणि जबडा राखाडी-निळ्याकडे झुकणारे. पोर्ट्रेट रंगवणाऱ्या चित्रकारांना हे पाठ असतं. खालचा लेयर ब्लर करत गेलात की हे तिन्ही पट्टे एकमेकांत मिसळून एकच बिस्किटी रंग होतो. मग रंध्रं सगळी जागेवर असूनही चेहरा मेणाचा दिसतो आणि आपल्याला कळत नाही काय बिघडलं. आत्या आत्या वाटत नाही, त्याचं कारण मला सुरकुत्यांपेक्षा या रंगात जास्त दिसतं. तपासायचं असेल तर दोन्ही प्रती शेजारी ठेवा आणि नुसते कान आणि गाल यांचा रंग बघा.

एक रीटचिंग मी कोणी सांगितलं तरी करत नाही: त्वचेचा रंग उजळ करणं. पण इथेही आधी कॅमेऱ्यानं काय केलंय ते बघावं लागतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरच्या सगळ्याला मध्यम करडं मानून चालतो, त्यामुळे सावळा चेहरा फ्रेमभर असला तर तो आपोआप जास्त उजळ एक्स्पोज होतो. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची ‘शर्ली कार्ड’ वापरत, आणि त्यांवर अनेक दशकं गोऱ्या बाईचाच चेहरा असे. बाकीच्यांचे चेहरे त्या मापानं छापले जात. तेव्हा फाइलमधला गोरेपणा उतरवून रंग मूळ जागी आणणं हे रीटचिंग माझ्या लेखी बरोबर आहे, आणि ते मी न विचारता करते.

आता माझा हिशोब फसला तो प्रसंग. एका तरुणाच्या हनुवटीवर ओठापर्यंत गेलेला अपघाताचा व्रण होता. फोटोग्राफर म्हणून मला तो फार देखणा वाटला. ‘आयुष्यानं दिलेलं ठेवायचं’ या माझ्या नियमावर मी इतकी खूश होते की उजेडही त्या व्रणावरच नेला. प्रिंट सुरेख झाली होती. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “हा अपघात मला रोज दाढी करताना दिसतोच. तुम्ही तो भिंतीवर कशाला टांगताय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्रण पुसून द्यायलाही तो नको म्हणाला, तेही त्याला खोटं वाटत होतं. शेवटी पुन्हा बसलो, चेहरा दुसऱ्या बाजूनं घेतला, व्रण सावलीत राहिला. आहे, पण बघणाऱ्याला शोधावा लागतो. ती प्रिंट त्यानं घेतली.

तेव्हापासून बैठकीच्या आधीच विचारते. प्रश्न मात्र ‘काय काढू?’ असा विचारत नाही. तसं विचारलं की प्रत्येक जण आपल्या तक्रारींची यादी वाचतो आणि ती संपतच नाही. मी विचारते, ‘काय राहिलंच पाहिजे?’ यावर माणसं थोडा वेळ गप्प बसतात. मग कुणी तीळ सांगतं, कुणी पुढे आलेला दात, आणि कोड असलेल्या एका मुलीनं ‘सगळंच’ असं एका शब्दात सांगितलं होतं. तात्पुरत्या गोष्टी, म्हणजे मुरूम, डास चावल्याचा ठिपका, डोळ्यावर आलेली केसाची बट, मी कोणाला न विचारता काढते. पंधरा दिवसांनी फोटो काढला असता तर त्या नसत्या.

‘फाइन आर्टमध्ये चालत नाही’ या वाक्याला काही आधार नाही. कायदे आहेत ते जाहिरातींसाठी. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून मॉडेलच्या शरीराचा आकार बदलला असेल तर जाहिरातीत तसं लिहावं लागतं, नॉर्वेमध्ये जुलै 2022 पासून रीटच केलेल्या शरीर-त्वचेच्या जाहिरातींवर खूण सक्तीची आहे. गॅलरीच्या भिंतीला असा नियम नाही. उलट कोणी ठरवून चिनी मातीच्या बाहुलीसारखे चेहरे केले, आणि कपडे, उजेड, मागचा रंग सगळं त्याच भाषेत बोलत असेल, तर ते काम मला मान्य आहे. खटकतं ते मिश्रण: खिडकी खरी, लुगड्याची चुणी खरी, लाकडाची खुर्ची खरी, आणि मधे एक मेणाचा चेहरा. स्पर्धेला पाठवणार असाल तर तिचे नियम नीट वाचा, हल्ली बऱ्याच जागी मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, मागतात. 2023 मध्ये बोरिस एल्डॅगसेन यांनी सोनीच्या जागतिक फोटोग्राफी स्पर्धेत मिळालेलं पारितोषिक, चित्र एआयनं बनवलेलं आहे असं सांगून स्वतःच नाकारलं, तेव्हापासून आयोजक जास्तच सावध झालेत. एआयचे त्वचा सुधारणारे स्लायडर मी म्हणूनच पोर्ट्रेटवर वापरत नाही. ते जुनी रंध्रं पुसून नवी कल्पनेनं बनवतात, म्हणजे गालावर कातडी दुसऱ्याच कोणाची तरी असते.

तर आत्याचं काय करायचं? दुसरी प्रत बाजूला ठेवा. पहिलीच्या आधीच्या-नंतरच्या सगळ्या फ्रेम पुन्हा बघा. पापणी पूर्ण उघडी असलेली एखादी नक्की मिळेल. रॉमध्येच सावल्या जरा उचला, काँट्रास्ट कमी करा, क्लॅरिटीला, म्हणजे बारीक तपशील उठावदार करणाऱ्या स्लायडरला, हात लावू नका. मग दोन कर्व्ह्‌ज लेयर, डोळ्यांखालची झाक, गळा, हात, आणि फाइल बंद. छापायला मॅट कापसाचा कागद घ्या. चकचकीत कागदापेक्षा तो गडद भाग मऊ करतो, आणि पडद्यावर बोचणाऱ्या निम्म्या गोष्टी तिथेच शांत होतात. आधी लहान चाचणी-प्रिंट काढून हातभर अंतरावरून बघा.

आणि आत्याला दाखवताना एक प्रत आडवी उलटवूनही न्या, डावं-उजवं बदलून. आपला चेहरा आपल्याला आरशातला माहीत असतो. 1977 मधल्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा उलटा, आरशासारखा फोटो जास्त आवडला होता आणि त्यांच्या मित्रांना सरळ. आत्या बहुधा उलट्या प्रतीवर बोट ठेवेल आणि म्हणेल, ‘ही बरी आलीय.’ तिला ती द्या. भिंतीवर सरळ लावा.